चंदनाच्या हारातली मावशी

आदिलाबाद
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

जैनथहून सकाळच्या बसने आपण दोघी शाळेला निघायचो, ते तुला आठवतं का? कापसाच्या दिवसांत बस इतकी भरलेली असायची की दारातच पाय अडकायचा. तो उंच कंडक्टर मला बघितलं की कुणाला तरी उठवायचा आणि तेलुगूत लहान पोरींना म्हणतात तसं म्हणायचा, "ए पापा, इधर बैठ." मी बसायचे, खिडकीपाशी. तू माझ्याजवळ उभी राहायचीस, दोघींची दप्तरं घेऊन. एकदा तू त्याला म्हणालीस, "चाचा, इसका चेहरा थक गया, मेरे पैर नहीं थके क्या?" अख्खी बस हसली. तोही हसला. पण जागा काही त्याने तुला दिली नाही, आणि मीही उठले नाही. मला ते सुचलंच नाही, ताई. जागा मिळते ती आपलीच असते, असं वाटायचं.

पत्र लिहिते आहे कारण फोनवर तू "हो, हो" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदाला तसं करता येत नाही.

परवा हर्षदीप येऊन गेला. संत्रा बर्फी आणली होती. नोकरीचं बोलला, नागपूरच्या रस्त्यांचं बोलला, मग बर्फीचा तुकडा बोटांनी कुस्करत म्हणाला, "मावशी, दीदीला पाहायला येऊन राह्यले ना लोक, ते जुन्या वळणाचे हायेत म्हणे. घरात कोणाले कोड असलं तं मागं सरतात. आई म्हणत होती, त्या दिवशी तू…"

पुढचं त्याच्या तोंडून निघेना. तुझा मुलगा चांगला आहे. मीच म्हटलं, "अरे, त्या दिवशी मला नार्नूरला लग्नाला जायचंच आहे." त्याचा जीव भांड्यात पडला. नार्नूरला माझं कुणी नाही हे त्याला माहीत नाही. तुला माहीत आहे.

वृषालीला मी फोन केला. तिने अडून बसायचं ठरवलं होतं, मावशी नसेल तर मी त्या लोकांसमोर बसणारच नाही म्हणाली. तीन वर्षं माझ्याकडे राहून शाळा शिकली, तिची वेणी मी घातली, तिच्या तापात मी जागले, म्हणून बोलते बिचारी. तिलाही मी नार्नूर सांगितलं. तेव्हा तू निश्चिंत राहा.

एका गोष्टीचं मात्र मला फार बरं वाटलं. जाताना हर्षदीप म्हणाला, "आईला तुझा तो स्टुडिओतला फोटो पायजे." मी फ्रेमसकट दिला. भिंतीवर तिथे फिकट चौकोन उरला आहे, तो मी मुद्दाम झाकला नाही. इतक्या वर्षांनी तुला माझा फोटो घरात असावासा वाटला, ताई. दिवसभर मी गुणगुणत होते.

नार्नूरला जाणार म्हणजे घरीच बसणार. सवय आहे मला. तुला पाहायला पाहुणे आले की आई मला शेजारच्या बयनाबाईच्या घरी पाठवायची. धाकटी दिसली तर थोरली कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही, म्हणून. बयनाबाई मला कापसाच्या खोलीत बसवायची आणि म्हणायची, "गुमान बस वं माय. तुया तोंडानं तुया बहिनीचं लगन मोडन." कापसात बसलं की अंगाला खाज सुटते. मी खाजवत बसायचे आणि भिंतीला कान लावून तुझं हसू ऐकायचे. तुझ्या हसण्यावरून मला कळायचं, पाहुणे कसे आहेत ते.

वृषालीला आशीर्वाद. सुधाकररावांना जयभीम.

तुझी,
प्रीती


आदिलाबाद
५ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

पसंती आली! वृषालीचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते, तशीच पिठाच्या हाताने फोन धरला. मुलाचं नाव अनुप, वर्ध्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, बोलताना कानाची पाळी धरतो. एवढं तिने एका दमात सांगितलं. आणि मुलाची आजी, सोनाबाई, भिंतीवरचा माझा फोटो पाहून म्हणाली म्हणे, "पोरगी मावशीवर गेली वं." तेवढ्यात वृषालीला चहा आणायला आत जावं लागलं, पुढचं तिने ऐकलं नाही.

म्हणजे मी नसले तरी माझा चेहरा तिथे होता. कामालाही आला. मला हसूही आलं, आणि तव्यावरची भाकरी करपली.

तू पत्राचं उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस, पण वाच. आता या वयात मला काही गोष्टी तुझ्याशीच बोलाव्याशा वाटतात, कारण मी कशी दिसत होते हे पाहिलेलं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

शाळेतलं नाताळचं नाटक आठव. बौद्धाच्या पोरीला दर वर्षी मेरी करायचे, केवळ चेहऱ्यासाठी. डोक्यावर निळी ओढणी, मांडीवर बाहुली. बाबा तहसीलमधून सुटी काढून यायचे आणि पहिल्या रांगेत बसायचे. तू मेंढपाळ व्हायचीस. एका वर्षी तुझी दाढी सुटून खाली पडली, तर तू ती उचलून मेंढीला लावलीस आणि म्हणालीस, "ही हिचीच होती." सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. बाबा इतके हसले की त्यांचे डोळे भरून आले. घरी येताना ते तुझंच बोलत होते. मला त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की मेरीला एकही वाक्य नाही.

मला कधी बोलावंच लागलं नाही, ताई. मी यायच्या आधीच माझा चेहरा येऊन पोचलेला असायचा. दुकानदार रिबीन जास्त मापायचा, बाया जागा करून द्यायच्या, मुलं सायकली हळू चालवायची. तुला मात्र दर वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागायची. माणूस हसवायचा, त्याचं ऐकायचं, त्याच्या घरच्यांची नावं लक्षात ठेवायची. लोक मला बघायचे आणि तुझ्याजवळ बसायचे. तेव्हा तो फरक मला कळत नव्हता. मी मला नशीबवान समजायचे, आणि तूही मलाच नशीबवान समजायचीस.

खोटं लिहिणार नाही. ते रूप मला फार आवडायचं. आंघोळ झाल्यावर मी स्वतःचे हात बघत बसायचे.

मग एकतिसाव्या वर्षी ओठाच्या कडेला तांदळाएवढा डाग आला. मग पापण्यांवर, मग बोटांवर. देवाजींनी मला टाकलं नाही. लोक त्यांची स्तुती करायचे, नवरा असावा तर असा. ते खरंच कधी वाईट बोलले नाहीत. फक्त कुणाच्या लग्नाला निघताना "चल" म्हणायचं बंद झालं. शर्टाला इस्त्री मी करून द्यायचे, जोडा पुसून द्यायचे, आणि ते एकटे जायचे. परत आल्यावर जेवणात काय होतं ते सांगायचे. चेहरा गेल्यावर आमच्यात बोलायला काय उरतं ते आम्ही दोघं शोधत राहिलो. ते गेले तोवर थोडं सापडलंही होतं. दाणे भाजताना गप्पा व्हायला लागल्या होत्या आमच्या. उशीर झाला, एवढंच.

आणि एक गोष्ट मला लिहायचीच आहे. तुझ्या लग्नात सुधाकररावांच्या त्या चुलतभावाने मला पाहून जेवणाच्या पंगतीत काय म्हटलं ते. "सुधाकर, घाई केली बे तू! धाकटी तं लपवून ठेवली होती यायनं!" सगळे हसले. तूही हसलीस. पण मी तुझ्या शेजारी उभी होते, तुझं खरं हसू मी भिंतीआडून ओळखायचे, ते हे नव्हतं. त्या दिवसानंतर तू माझ्याकडे नीट पाहिलंच नाहीस. माझ्याशी बोलायचीस ते माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी बघून.

तुला वाटत आलं की सुधाकररावांनी मला पाहिलं नव्हतं म्हणून तुला पसंत केलं. अगं, त्यांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" आणि तू म्हणालीस, "येतो. खानाऱ्यानं कुरकुर केली तं परत येत नाही." ते किती मोठ्याने हसले ते मला कापसाच्या खोलीत ऐकू आलं! त्या हसण्यानेच तुझं लग्न ठरलं. मी समोर बसले असते तरी मला असलं काही बोलता आलं नसतं. हे तेव्हाच येऊन तुला सांगायला हवं होतं कुणीतरी. आई असं बोलणारी नव्हती, आणि मला वाटलं, तुला माहीतच असेल.

साक्षगंधाची तारीख ठरली की कळव. मी येणार नाही, घाबरू नकोस. नुसती कळव.

प्रीती


आदिलाबाद
२२ जानेवारी २०२५

ताई,

साक्षगंधाचे फोटो हर्षदीपने पाठवले. वृषाली पांढऱ्या साडीत फार गोड दिसते. अनुप नव्या अंगठीच्या हाताने कानाची पाळी धरूनच उभा आहे. मी चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून पाहत होते. पाचव्या की सहाव्या फोटोत त्यांच्या मागे भिंतीवर मी आहे. स्टुडिओतली. आणि माझ्या फोटोला चंदनाचा हार आहे.

आधी वाटलं, सजावट असेल. माणूस स्वतःला किती समजावतो बघ. मग मी हर्षदीपला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मी चुकून पाठवला तो फोटो." मी म्हटलं, "चुकून मेले का मी?" मग त्याने सगळं सांगितलं. त्याला रागावू नकोस, मी त्याला सोडलंच नाही.

सोनाबाईने विचारलं, "हे कोन वं, इतकी देखनी?" तू म्हणालीस, "माझी लहान बहीण." ती म्हणाली, "मंग आली नाही काऊन?" आणि तू म्हणालीस, "वारली."

हर्षदीपच्या घशात पोहे अडकले. सुधाकरराव पोह्यांच्या बशीत बघत राहिले. सोनाबाईने विचारलं, "कशानं वं?" तू म्हणालीस, "तापानं."

तापाने. निदान आजार तरी लोकांना सांगण्यासारखा निवडलास.

मग ती म्हातारी उठली म्हणे, गुडघे दुखत असताना उठली, माझ्या फोटोसमोर हात जोडून उभी राहिली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "अशी लेक गेली, तिच्या मायचं काय झालं असन!" जाताना दारात थांबून तुला विचारलं, "फोटोले हार नाही काऊन?" म्हणून मग साक्षगंधाला तुला हार आणावा लागला. वृषालीला तो पाहुणे दारात आल्यावर दिसला. साडीतच ती तुझ्याशी भांडली, आणि तू म्हणालीस, "आता गप राह्य, लग्न होऊ दे."

ताई, मी रागावले आहे. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. मला कोड आहे, ते लागत नाही, त्यातून कुणाचं काही वाईट होत नाही. "तिला बरं नाही," म्हणाली असतीस. "गावाला गेली," म्हणाली असतीस. नार्नूर तर मी तुला आयतं दिलं होतं. मला मारायची काय गरज होती?

रात्री विचार करताना वाटलं, तुला ते ठरवून बोलायचं नसेल. तू त्या फोटोकडे पाहिलं असशील, आणि त्यातली ती मुलगी खरंच कुठे नाही असं तुला वाटलं असेल. मलाही वाटतं कधीकधी. पण ताई, त्या मुलीसाठी तू रडली नाहीस आणि ती म्हातारी रडली. मला ते टोचतं. आणि जी इथे बसून दाणे भाजते, डॉक्टरकडे जाते, वृषालीचा फोन वाजायची वाट बघते, तिच्याबद्दल तुला कुणी विचारलं तर तुला सांगायला काहीच नव्हतं.

मला वाटलं होतं, फोटो तू स्वतःसाठी मागवलास.

प्रीती


आदिलाबाद
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

काल दुपारी वृषाली आणि अनुप आले होते. तुला सांगून आले नव्हते. मी दार उघडलं तर दोघं उभे, आणि वृषाली त्याला म्हणाली, "ही माझी वारलेली मावशी."

पोरगी तुझ्यावर गेली आहे, ताई. कुणी काही म्हणो.

अनुपने माझ्याकडे पाहिलं. सरळ, तोंडाकडे, ओठाकडे, हातांकडे. लोक एक तर बघतच नाहीत किंवा बघून पटकन दुसरीकडे बघतात. त्याने पूर्ण पाहून घेतलं आणि मग वाकून जयभीम केला. म्हणाला, "आजीनं तुमच्या फोटोचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवला, मावशी. शेजारच्या बायांना दाखवून राह्यली, आमची सून कोणावर गेली ते."

मी त्यांना जेवू घातलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर वृषाली म्हणते, "रडून घे, मावशीचं सुतक पाळलं नव्हतं आपण." मी इतकी हसले की मला ठसका लागला. ते दोघं एकमेकांशी बोलतात तेव्हा मला आपल्या घरातली दुपार आठवते. ती दिसायला चांगली आहे, पण तो तिचं ऐकत बसलेला असतो. हे पाहून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

त्याला घरी सांगायचं होतं. म्हणाला, "मी आजीला आजच सांगतो. कोड बिड आमच्या बाबांचं खूळ आहे, आजीला काही फरक पडत नाही." वृषाली म्हणाली, तू लग्नाच्या हॉलमध्ये थेट ये, सगळ्यांसमोर, बघू कोण काय म्हणतं. मलाही क्षणभर मोह झाला. सोळा मार्चला रविवारी पांढरी साडी नेसावी, सकाळच्या गाडीने निघावं आणि वंदना चालू असताना दारात उभं राहावं. कोण कुठे पाहील ते डोळ्यांसमोर आलं. मग तुझा चेहरा आला.

कोडाचं कुणी काही म्हणालं असतं तर मी आले असते. पण आता त्या हॉलमध्ये माझ्या डागांचा विषय निघणार नाही. तू जिवंत बहीण मेली म्हणून सांगितलंस याचा निघेल. मुलीच्या लग्नात, तिच्या सासरच्यांसमोर, तुझी मान खाली जाईल. पंगतीत तुझ्याकडे बघून लोक कसे हसतात ते मी एकदा पाहिलं आहे. पुन्हा माझ्यामुळे ते नको.

म्हणून पोरांना मी शपथ घातली आहे, त्यांनी काही बोलायचं नाही. अनुपला ते पटलेलं नाही, पण तो कबूल झाला आहे. मी लग्नाला येणार नाही. वृषाली जाताना माझ्या गळ्यात पडून फार रडली. मी तिला म्हटलं, मोबाईलवर बघेन. तिच्या मंगल परिणयाच्या वेळी ती मला कुठे शोधणार नाही, एवढं मला सहन करायचं आहे, आणि ते मला जड जातं आहे हे तुला कळावं एवढीच इच्छा आहे.

पण मी कायमची मेलेली राहणार नाही, ताई. मला जिवंत करायचं काम पोरांचं नाही. तुझं आहे. लग्नानंतर, तुला जमेल तेव्हा, तुझ्या तोंडाने. मी घाई करणार नाही.

आता तू मला मारलंच आहेस तर मागे राहिलेल्या वस्तूंचं बघायला हवं. हर्षदीपबरोबर ट्रंक पाठवते आहे. त्यात काय कुणाचं ते लिहिते.

आकाशी रेशमी साडी वृषालीची. लग्नात नेसवू नकोस, लोक कुणाची म्हणून विचारतील. नंतर घरी नेसू दे.

देवाजींचं घड्याळ हर्षदीपचं. मागे पडतं, पण रोज चावी दिली तर चालतं.

आईची जोडवी तुझी. ती पहिल्यापासून तुझीच होती, थोरलीची. आईने माझ्या लग्नात मला दिली, कारण माझे पाय गोरे होते. तेव्हा तू काही बोलली नाहीस.

सुधाकररावांसाठी ठेच्याची बरणी. वर तेल घातलेलं आहे, झाकण घट्ट लाव.

सगळ्यात खाली जुन्या टॉवेलात गुंडाळून एक शाल आहे. सोनाबाईंसाठी. जांभळी. या थंडीत मी विणली, डोळ्यांना त्रास झाला म्हणून एका कडेला टाके सैल पडले आहेत. ती लग्नात सगळ्यांच्या मध्ये बसलेली असताना तूच तिच्या खांद्यावर घाल. ती म्हातारी कापड हातात घेऊन उलटसुलट करून पाहणारी आहे, हे अनुपने सांगितलं. लोकर नवी आहे हे तिच्या लगेच लक्षात येईल. ती विचारेल, "कोनं इनली वं?"

तेव्हा मी तिथे नसेन. काय सांगायचं ते तू बघ.

तुझी,
प्रीती